अंत्यावस्थेतील वेदनाशमन : ‘गरजेनुसार’ ते ‘वेळेनुसार’

असाध्य रोगाने पीडित रुग्णांच्या वेदनाशमनाचा इतिहास म्हणजे नव्या औषधांच्या शोधाचा इतिहास, असा समज रूढ आहे. वस्तुतः या क्षेत्रातील निर्णायक परिवर्तन जुनेच औषध देण्याच्या रीतीत बदल झाल्याने घडले.

अफूचे वेदनाहारक गुण प्राचीनांस ठाऊक होते. ग्रीक ‘ओपिऑन’ अरबी-फारसी ‘अफ्यून’मार्गे भारतात आला आणि संस्कृतात त्याचे ‘अहिफेन’, म्हणजे सापाचा फेस, असे रूप झाले. या लोकव्युत्पत्तीत द्रव्याविषयीचे भयही डोकावते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी झेर्ट्युर्नर या जर्मन औषधनिर्मात्याने अफूतून मॉर्फिन वेगळे केले. भय मात्र कायम राहिले.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत रुग्णालयांत मॉर्फिन प्रायः ‘गरजेनुसार’ दिले जाई. ही गरज सिद्ध करण्याचा भार रुग्णावर असे. त्याने विव्हळावे, याचना करावी, तेव्हा मात्रा मिळे. तिचा प्रभाव सुमारे चार तासांत ओसरे व पुन्हा तेच चक्र सुरू होई. व्यसन लागू नये म्हणून योजलेली ही रीतच रुग्णास औषधाचा ध्यास लावीत असे.

लंडनमधील सेंट ल्यूक्स रुग्णालयात मात्र ठरावीक अंतराने मॉर्फिन देण्याचा प्रघात होता. तेथे सेवा करताना सिसिली साँडर्स यांनी त्याचे महत्त्व ओळखले. पुढे त्या डॉक्टर झाल्या आणि १९५८ पासून सेंट जोसेफ्स या संस्थेत त्यांनी ही पद्धती नोंदी ठेवून पारखली. वेदना परतण्यापूर्वीच पुढील मात्रा द्यावयाची, हे तिचे सूत्र. मॉर्फिनमुळे होणाऱ्या बद्धकोष्ठावर रेचक व मळमळीवर वांतिरोधक, हेही त्याच चिकित्सेचे अंग मानले गेले. १९६७ मध्ये त्यांनी सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस स्थापन केले. १९८६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने कर्करोगाच्या वेदनेसाठी त्रिपदी सोपान पुरस्कारिला, त्यातही औषध ‘घड्याळाप्रमाणे’ देण्याचा दंडक आहे.

त्याच वर्षी मुंबईत शांती आवेदना आश्रम सुरू झाला. तथापि, आदल्या वर्षीच भारतात गुंगीकारक औषधिद्रव्ये आणि मनोव्यापारांवर परिणाम करणारे पदार्थ अधिनियम, १९८५ अमलात आला होता. परवान्यांची गुंतागुंत व कठोर शिक्षेचे भय यांमुळे रुग्णालये व औषधविक्रेते मॉर्फिन बाळगीनासे झाले. १९९७ पर्यंत देशातील त्याचा वैद्यकीय वापर सुमारे ९७ टक्क्यांनी घटला. अफूची वैध लागवड करणाऱ्या देशातच रुग्ण तिच्या अर्कास पारखा झाला.

२०१४ च्या दुरुस्तीने ‘अत्यावश्यक गुंगीकारक औषधिद्रव्य’ ही संज्ञा कायद्यात आली, आणि त्यांविषयीचे नियम देशभर एकच असावेत अशी तरतूद झाली. ज्या द्रव्याचे नाव कायद्यात प्रामुख्याने निषेधाशी जोडलेले होते, त्याला ‘अत्यावश्यक’ हे विशेषण लाभले. साँडर्स यांनी गरज सिद्ध करण्याचा भार रुग्णाच्या शिरावरून उतरविला. या विशेषणाने तेच कार्य कायद्याच्या भाषेत आरंभिले आहे. ते पूर्ण होणे मात्र गावोगावच्या औषधालयांतील कपाटांवर अवलंबून आहे.