'व्हेर्मील्यो' : युद्धकालीन प्रणयकथेतील भाषा व इतिहास

इटलीच्या उत्तरेस, त्रेन्तीनो प्रांतातील तोनाले खिंडीच्या पायथ्याशी व्हेर्मील्यो नावाचे एक डोंगरी गाव आहे. माउरा देल्पेरो या दिग्दर्शिकेच्या वडिलांचे हे गाव. त्याच्याच नावाने तिने काढलेल्या चित्रपटास २०२४ साली व्हेनिसच्या महोत्सवात परीक्षकमंडळाचे महापारितोषिक लाभले. काळ १९४४ चा. शाळामास्तर चेझारे यांची थोरली मुलगी लुचीया आणि सैन्यातून पळून आलेला सिसिलियन शिपाई पिएत्रो यांच्या प्रणयाची व विवाहाची ही कथा होय. वरवर पाहता ती साधी वाटते; परंतु पात्रांची भाषा लक्षात घेतल्यास तिच्या तळाशी एका राष्ट्राच्या अपुऱ्या घडणीचा इतिहास आढळतो.

१९१८ पर्यंत हे गाव ऑस्ट्रिया-हंगेरीच्या साम्राज्यात मोडत असे. पहिल्या महायुद्धात रणरेषा गावाजवळच असल्याने ग्रामस्थांना १९१५ मध्ये ऑस्ट्रियातील छावणीत हलविण्यात आले. १९१९ च्या तहाने प्रांत इटलीस मिळाला, आणि १९४३ च्या सप्टेंबरानंतर तेथे जर्मन अंमल बसला. एका पिढीच्या हयातीत ज्या गावाचे सरकार असे वारंवार पालटले, त्या गावाने पळून आलेल्या शिपायाला आसरा द्यावा, यात नवल नाही. शिवाय त्याने मास्तरांच्या पुतण्याचा जीव वाचविला होता.

चित्रपटातील संवाद मुख्यतः स्थानिक बोलीत आहेत. प्रमाण इटालियन ही शाळेची भाषा. १८६१ मध्ये इटली एक झाली तेव्हा प्रमाण भाषा जाणणारे शेकडा २.५ च होते, असा तुल्यो दे माउरो यांचा अंदाज आहे. त्रेन्तीनोत सक्तीच्या शिक्षणाची परंपरा मारिया तेरेझाच्या १७७४ च्या शाळाविषयक कायद्यापासूनची. उलट सिसिलीत १९३१ सालीही शेकडा ४० च्या आसपास लोक निरक्षर होते. म्हणूनच पिएत्रो मास्तरांच्या प्रौढवर्गात अक्षरे गिरवितो, हा प्रसंग केवळ कथानकाच्या सोयीचा ठरत नाही. दोघांची मातृबोली भिन्न. त्यांच्या प्रेमात शब्द थोडे आणि मौन फार, याचे एक कारण येथे सापडते.

युद्ध संपल्यावर पिएत्रो आईला भेटण्यासाठी सिसिलीस जातो. पुढे त्याचे पत्र येत नाही. येते ते वृत्तपत्र. तिकडे त्याची पहिली पत्नी होती आणि तिनेच त्याचा वध केला, हे गर्भवती लुचीयेच्या घरी छापील प्रमाण भाषेतून कळते. गावातील वराचे कुलशील शेजारी सांगू शकले असते. हजार किलोमीटरांपलीकडून आलेल्या माणसाची चौकशी कोणाकडे करावयाची? नकाशावर देश एक झाला होता, परंतु त्याच्या दोन टोकांत बोलण्याचा व्यवहार नव्हता. मास्तरांनी आयुष्यभर शिकविलेली भाषा त्यांच्या मुलीला सावध करण्यास वेळेवर पोचली नाही. पोचली ती तिच्या वैधव्याची वार्ता घेऊन.