न्यूझीलंडमधील स्त्रीमताधिकार
न्यूझीलंड या ब्रिटिश वसाहतीत गव्हर्नर लॉर्ड ग्लासगो यांनी १९ सप्टेंबर १८९३ रोजी निवडणूक कायद्यावर मंजुरीची सही केली आणि माओरी स्त्रियांसह प्रौढ स्त्रियांना संसदीय मतदानाचा हक्क देणारा तो पहिला स्वशासित देश ठरला. केट शेपर्ड व मद्यपाननिषेधाच्या चळवळीतील त्यांच्या सहकारिणी यांनी अखंड चिकाटीने सह्या मिळवून सिद्ध केलेला, पंचवीस हजारांहून अधिक नावांचा, कागदास कागद चिकटवून गुंडाळलेला अर्ज सर जॉन हॉल यांनी सभागृहात उलगडला, हा प्रसंग लोकशाहीच्या इतिहासात खरोखर गौरवास्पद होय. वरिष्ठ सभागृहात विधेयक २० विरुद्ध १८ मतांनी संमत झाले. उमेदवारीचा हक्क मात्र, अन्यायाने, १९१९ पर्यंत रोखला गेला. एलिझाबेथ मॅकॉम्ब्स या पहिल्या स्त्री-सदस्य १९३३ मध्ये निवडून आल्या.