वऱ्हाडांतील जिनांचा बंद हंगाम

मुंबईहून नागपुराकडे जातांना बडनेऱ्याच्या पुढें चांदूर रेल्वे हें स्टेशन लागतें. याच जिल्ह्यांत चांदूर बाजार नांवाचें दुसरें गांव आहे. त्यापासून वेगळें ओळखूं यावें म्हणून या चांदुरास ‘रेल्वे’ हें उपपद लागलें, व तें आतां गांवाच्या नांवाशीं एकजीव झालें आहे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा हा मार्ग १८६७ मध्यें नागपुरास पोंचला. त्याच्या थोडें आधीं, १८६१ ते १८६५ या काळांत, अमेरिकेंत यादवी युद्ध चालूं असल्यामुळें विलायतेंतील गिरण्यांस हिंदी रुईची निकड लागली होती. रूळ व मागणी या दोहोंच्या जोरावर पुढील दशकांत या मार्गाच्या आसपास सरकी काढण्याचे व गांठी दाबण्याचे वाफेचे कारखाने उभे राहिले. उमरावतीच्या नांवावरून इकडील रुईस व्यापारांत ‘ऊमरा’ म्हणत, यावरूनच त्या व्यापारांतील या प्रांताचें स्थान ध्यानांत येतें.

या कारखान्यांविषयीं आजवर जें लिहिलें गेलें, तें बहुतेक चालू हंगामासंबंधीं आहे. कोणत्या सालीं किती कारखाने चालले व किती गांठी दाबल्या गेल्या, याचे आंकडे देऊन लेखक थांबतो. परंतु कापसाची वेंचणी दिवाळीच्या सुमारास सुरू होते व उन्हाळ्याच्या तोंडाशीं जिनांचें काम सरत येतें. म्हणजे वर्षांतील अर्ध्याहून अधिक काळ यंत्र उभेंच राहावयाचें. १९३४ च्या फॅक्टरी कायद्यानें कापसाचें जिनिंग व प्रेसिंग या धंद्यांची गणना ‘हंगामी’ कारखान्यांत केली, ती याच कारणास्तव. तेव्हां बंद काळाचा विचार न करितां या धंद्याचा इतिहास लिहिणें म्हणजे अर्धें वर्ष गाळून बखर लिहिण्यासारखें आहे.

प्रस्तुत लेखाचा मुद्दा इतकाच कीं, जुन्या कागदांत आढळणारा ‘बंद’ हा शब्द तीन निरनिराळ्या स्थितींस लागूं शकतो. त्या वेगळ्या न केल्यास जिवंत कारखाना मेलेला ठरविण्याची चूक संशोधकाच्या हातून सहज घडते.

पहिली स्थिति वार्षिक विश्रांतीची. जिनांत जीं रोलर-यंत्रें पसरलीं, त्यांचा मूळ आराखडा अमेरिकेंतील मॅकार्थी याचा असून तो १८४० मधला आहे. त्यांत चामड्याचा रोलर रुईस धरून ओढतो, व पोलादी पात्यांच्या योगानें सरकी मागें राहते. चामडें आणि पोलाद या दोघांचाही वैरी पावसाळा. मृगापूर्वीं यंत्र नीट बांधून ठेवलें नाहीं, तर चामड्यास बुरशी येते व पात्यांस गंज चढतो. म्हणून प्रथम रुईचें तूस व सरकीचे दाणे झाडून काढावयाचे. कारण तूस ओल धरतें, आगीस निमंत्रण देतें, आणि सरकीच्या लोभानें उंदीर येतात. त्यानंतर पट्टे पुलीवरून उतरवून, पुसून, कोरड्या जागीं जमिनीपासून उंच ठेवावयाचे. ताणलेले राहिल्यास ते सैल पडतात. उघड्या चकचकीत भागांवर चरबी व सफेता यांचा लेप देण्याची रीत यंत्रशास्त्राच्या जुन्या पुस्तकांतून सर्वत्र सांगितलेली असे. शाफ्ट मधून मधून हातानें फिरवावा लागे, नाहीं तर तो एकाच जागीं टेकून बेअरिंगवर डाग पडत. गांठी दाबण्याच्या जलदाब-प्रेसमधील चामडी पॅकिंग वाळून तडकूं नये म्हणून तिचीही काळजी घ्यावी लागे.

सर्वांत नाजूक प्रश्न बॉयलरचा. त्याच्या दोन रीती होत्या. एक, पाणी पूर्ण काढून, आंतील खपली खरवडून, बॉयलर वाळवावयाचा. मग आंत पसरट भांड्यांतून कळीचा चुना ठेवून सर्व तोंडें घट्ट लावावयाचीं. चुना हवेंतील ओल शोषून घेतो. तो फुलून त्याची पूड झाली म्हणजे बदलावयाचा. दुसरी रीत उलट: क्षार मिसळलेल्या पाण्यानें बॉयलर कांठोकांठ भरावयाचा, म्हणजे आंत हवेस जागाच उरत नाहीं. अर्धवट ओला बॉयलर मात्र सर्वांत वाईट. पाणी आणि हवा यांची जेथें गांठ पडते तेथेंच पत्र्यास खड्डे पडतात. धुराच्या वाटेंतील काजळीही काढावी लागे, कारण ती ओली झाली म्हणजे लोखंड खाते.

दुसरी स्थिति ‘पूल’ची. कापसाच्या मानानें कारखाने फार झाले, तेव्हां अनेक ठिकाणच्या मालकांनीं आपसांत करार करून दर ठरविले, कांहीं कारखाने चालविले, व बाकीचे मुद्दाम बंद ठेवून त्यांच्या मालकांस एकत्र नफ्याचा वांटा दिला. असा कारखाना हंगामांतही उभा असे. त्याची एकही गांठ बाजारांत जात नसे. तथापि मालकास उत्पन्न होई. त्याचा भार दोघांवर पडे. शेतकऱ्यास स्पर्धेच्या अभावीं ठरेल तो दर सोसावा लागे, आणि बंद कारखान्याच्या दारांतून मजूर स्त्रीपुरुषांस हंगामाच्या मजुरीवांचून परतावें लागे. या स्थितींतील यंत्राची निगा राखण्यांत मालकाचा स्वार्थ होता, कारण चालण्याजोगा कारखाना हाच त्याच्या हक्काचा आधार.

तिसरी स्थिति अखेरच्या बंदीची. वाफेच्या जागीं तेलाचीं इंजिनें व वीज आली. १९७२ पासून महाराष्ट्रांत कापूस एकाधिकार खरेदी योजना अंमलांत आल्यावर धंद्याचा व्यवहारच बदलला. २००० मध्यें सुरू झालेल्या केंद्र सरकारच्या कापूस तंत्रज्ञान अभियानांत नव्या यंत्रसामग्रीस साहाय्य मिळालें. या प्रत्येक वळणावर कांहीं जुनी यंत्रें मागें पडलीं. अशा यंत्रास चरबीचा हात लावणारा कोणी उरत नाहीं.

आतां कागदांवरून या तिन्ही स्थिति कशा ओळखाव्या, हें पाहूं. १९१७ मध्यें नेमलेल्या इंडियन कॉटन कमिटीचा अहवाल १९१९ मध्यें बाहेर पडला, व पुढें १९२५ चा कापूस जिनिंग-प्रेसिंग कारखान्यांचा कायदा झाला. त्या अन्वयें कारखानदारास नोंदवह्या ठेवणें व प्रत्येक गांठीवर प्रेसची खूण आणि अनुक्रमांक घालणें भाग पडलें. हेतु भेसळ रोखण्याचा होता, इतिहास जपण्याचा नव्हता. तरी संशोधकास हें आयतें साधन मिळालें. मात्र हीं गांठींचीं पुस्तकें एकटीं विश्वसनीय नव्हत. समजा, एखाद्या कारखान्याच्या पुस्तकांत तीन हंगाम एकही नोंद नाहीं. एवढ्यावरून तो बुडाला असें म्हणतां येणार नाहीं. त्याच सालांची कीर्द काढावी. खर्चाच्या बाजूस चौकीदाराचा पगार, चरबी, सफेता व चुना चालूं असून जमेच्या बाजूस कारखानदारांच्या करारापोटीं रक्कम आली असेल, तर तो पूलमधील मुका भागीदार होय. खर्च चालूं पण जमा कांहींच नाहीं, तर मालक चांगल्या सालाची वाट पाहत होता. दोन्ही बाजू कोऱ्या असतील, तरच अखेरच्या बंदीचा तर्क करावा. १९२३ च्या बॉयलर कायद्याखालील दाखल्यांच्या तारखा याच्याशीं ताडून पाहाव्या. परंतु दाखल्याचा खंड हा एकटा पुरावा पुरेसा नाहीं, कारण न चालवावयाच्या बॉयलरचा दाखला मालक घेईलच असें नाहीं.

दुर्दैव असें कीं, चरबी-चुन्याच्या या किरकोळ नोंदी ज्या वह्यांत असतात, त्यांसच कोणी किंमत देत नाहीं. यंत्र मोडींत निघालें म्हणजे लोखंड तरी वजनावर विकलें जातें. वह्या रद्दींत जातात, आणि त्यांबरोबर तें यंत्र शेवटचीं वर्षें कां उभें होतें याचें उत्तरही जातें. आपण संग्राहक मंडळी सनदा, महजर व पोथ्या यांच्या शोधांत गांवोगांव हिंडतों. त्याच वाटेंत चांदूर रेल्वेसारख्या स्टेशनाच्या गांवीं जुन्या अडत्याच्या किंवा जिनमालकाच्या घरीं जाणें झाल्यास माळ्यावरील कीर्दी, भांडारच्या याद्या, बॉयलरचे दाखले व पूलचे करारनामे यांचीही चौकशी करावी. वही ज्या कारखान्याची असेल त्याचें नांव, गांव व साल तिच्या वेष्टनावर लिहून ठेवावें, आणि जमाखर्चाचीं पुस्तकें गांठींच्या पुस्तकांपासून तोडूं नयेत. कारण वर दाखविल्याप्रमाणें एकावांचून दुसरें दिशाभूल करितें. पावसाळ्यापूर्वीं यंत्र झांकून ठेवणाऱ्यांनीं जी दक्षता लोखंडाविषयीं दाखविली, तीच त्यांच्या कागदांविषयीं आपण दाखविली पाहिजे. ओल या दोहोंसही सारखीच लागते.