आजीच्या रक्तावरून नातवाची ओळख: अर्जेंटिनात चोरीला गेलेली बाळं ४०-४५ वर्षांनी कशी सापडतात?

जून २०१४. अर्जेंटिनातल्या ओलावार्रिया शहरात राहणाऱ्या इग्नासिओ नावाच्या एका पियानोवादकाला वयाच्या ३६ व्या वर्षी कळलं की, ज्यांना तो आजवर आई-बाबा म्हणत आला, त्यांनी त्याला जन्म दिलेला नाही. शेतावर राबणाऱ्या त्या जोडप्याने त्याला मायेने वाढवलं होतं. पण मग खरे आई-वडील कोण?

इग्नासिओने स्वतःहून रक्ततपासणी करून घेतली. ५ ऑगस्ट २०१४ ला निकाल जाहीर झाला आणि अख्खा देश टीव्हीसमोर बसला. कारण तो एस्तेला दे कार्लोत्तो यांचा नातू निघाला होता. एस्तेला म्हणजे चोरीला गेलेल्या नातवंडांचा शोध घेणाऱ्या आज्यांच्या संघटनेच्या अध्यक्षा. इतरांची १०० हून अधिक नातवंडं शोधली गेली, तरी त्यांचा स्वतःचा नातू मात्र सापडत नव्हता. तो ११४ वा निघाला.

ही बाळं चोरली कुणी? आई-वडीलच जिवंत नसतील, तर मूल कुणाचं हे सिद्ध कसं होतं? आणि इतक्या वर्षांनी घरचे सापडल्यावर पुढे काय होतं?

बाळं चोरीला कशी गेली?

२४ मार्च १९७६ ला अर्जेंटिनात लष्कराने सत्ता हातात घेतली. जनरल होर्खे राफाएल विदेला राष्ट्राध्यक्ष झाला. डिसेंबर १९८३ पर्यंत देशात लष्करी हुकूमशाही होती.

या काळात डाव्या विचारांचे कार्यकर्ते, विद्यार्थी, कामगार नेते आणि नुसता संशय आलेली माणसंही घरातून उचलली गेली. अटकेची नोंद नाही, खटला नाही, मृतदेहही नाही. स्पॅनिशमध्ये अशा लोकांना 'देसापारेसिदोस' म्हणतात, म्हणजे 'बेपत्ता केलेले'. लोकशाही आल्यावर नेमलेल्या चौकशी आयोगाने १९८४ मध्ये अशा जवळपास ९ हजार लोकांची नोंद केली. मानवी हक्क संघटनांच्या मते खरा आकडा ३० हजारांपर्यंत जातो.

उचलून नेलेल्यांमध्ये गरोदर स्त्रिया होत्या. काहींच्या कडेवर तान्ही मुलं होती. गरोदर स्त्रियांना बाळंत होईपर्यंत जिवंत ठेवलं जायचं. ब्युनोस आयर्समधल्या 'एस्मा' या नौदलाच्या प्रशिक्षण संस्थेत त्यासाठी वेगळी खोली होती. बाळ जन्मलं की आईला मारून टाकलं जायचं. अनेक कैद्यांना गुंगीचं इंजेक्शन देऊन विमानातून नदीत किंवा समुद्रात फेकण्यात आलं.

बाळ मात्र जिवंत राहायचं. ते एखाद्या लष्करी किंवा पोलीस अधिकाऱ्याच्या घरी, नाहीतर त्यांच्या ओळखीच्या कुटुंबात जायचं. डॉक्टर जन्माचा खोटा दाखला द्यायचा आणि मूल त्या जोडप्याचंच म्हणून नोंदलं जायचं. 'देशद्रोह्यांची' मुलं त्यांच्या घरच्यांच्या हाती लागू नयेत, असा त्यामागे विचार होता. आज्यांच्या संघटनेच्या अंदाजानुसार अशी सुमारे ५०० मुलं होती.

आज्या रस्त्यावर कशा आल्या?

३० एप्रिल १९७७ ला बेपत्ता मुलांच्या काही आया राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीसमोरच्या 'प्लाझा दे मायो' या चौकात जमल्या. घोळक्याने उभं राहायला बंदी होती. पोलीस म्हणाले, थांबू नका, चालत राहा. मग त्या चौकात गोल गोल चालू लागल्या. दर गुरुवारी चालायचं असं ठरलं. एकमेकींना ओळखता यावं म्हणून त्यांनी डोक्याला बाळाचं पांढरं लंगोट बांधलं. पुढे तोच पांढरा रुमाल जगभर या लढ्याची खूण झाला.

हे काम धोक्याचं होतं. आयांना एकत्र आणणाऱ्या असुसेना विय्याफ्लोर यांना डिसेंबर १९७७ मध्ये उचलून नेण्यात आलं. त्यांचे अवशेष ओळखायला २००५ साल उजाडलं.

या आयांपैकी काही जणींची लेक किंवा सून गरोदर असताना नाहीशी झाली होती. त्यांना एक नाही, दोन पिढ्या शोधायच्या होत्या. ऑक्टोबर १९७७ मध्ये अशा १२ जणींनी वेगळा गट केला. त्याचं नाव 'अबुएलास दे प्लाझा दे मायो'. अबुएला म्हणजे आजी.

यातल्या बऱ्याच जणी साध्या गृहिणी होत्या. पण त्यांनी गुप्तहेरांसारखं काम केलं. वाढदिवसाचं निमित्त करून त्या कॅफेत जमायच्या आणि कागदपत्रांची देवाणघेवाण करायच्या. फोनवर मुलांसाठी सांकेतिक शब्द वापरायच्या. अनाथालयं आणि बालन्यायालयं त्यांनी पालथी घातली. एखाद्या घरात पोट न दिसता अचानक बाळ आलं अशी कुजबुज कानावर आली, की त्या घरावर नजर ठेवायच्या.

एस्तेला स्वतः एका शाळेच्या मुख्याध्यापिका होत्या. त्यांची मुलगी लाउरा नोव्हेंबर १९७७ मध्ये बेपत्ता झाली. ऑगस्ट १९७८ मध्ये तिचा मृतदेह त्यांच्या हवाली केला गेला. तिला कैदेत मुलगा झाल्याचं सुटून आलेल्या कैद्यांकडून कळलं. पुढे १९८५ मध्ये अवशेष उकरून तपासले, तेव्हा अमेरिकी तज्ज्ञ क्लाइड स्नो यांनी हाडांवरून सांगितलं की लाउरा बाळंत झाली होती.

आई-वडील नसताना नातं सिद्ध कसं करायचं?

लोकशाही आली तरी मोठी अडचण उरलीच होती. समजा, मूल सापडलं. ते सांभाळणारं जोडपं म्हणणार, 'हे आमचंच आहे, हा जन्मदाखला.' आजीने कोर्टात काय दाखवायचं?

पितृत्व चाचणीत मुलाचं रक्त आई-वडिलांच्या रक्ताशी ताडून पाहतात. इथे आई-वडीलच नव्हते. तेव्हा आज्यांनी एक साधा प्रश्न विचारला: माझ्या रक्तावरून माझा नातू ओळखता येईल का?

हा प्रश्न घेऊन त्या देशोदेशीच्या शास्त्रज्ञांकडे गेल्या. १९८२ मध्ये न्यूयॉर्कला त्या व्हिक्टर पेन्चासादेह यांना भेटल्या. हे मूळचे अर्जेंटिनाचे जनुकतज्ज्ञ परागंदा होऊन तिथे राहत होते. त्यांनी इतर शास्त्रज्ञांशी गाठ घालून दिली. पुढे कॅलिफोर्नियातल्या मेरी-क्लेअर किंग यांनी या कामात मोठा वाटा उचलला. यातून 'आजी-आजोबा निर्देशांक' हे गणित तयार झालं. रक्तातल्या पांढऱ्या पेशींवर प्रत्येकाची वेगळी अशी काही प्रथिनं असतात. चारही आजी-आजोबांची ही खूण तपासून मूल त्याच घरातलं असण्याची शक्यता किती, हे त्यातून काढता येऊ लागलं.

१९८४ मध्ये या पद्धतीने पहिली मोठी केस सुटली. आठ वर्षांची एक मुलगी एका पोलीस अधिकाऱ्याच्या घरी वाढत होती. आई-वडिलांसोबत तिला उचललं तेव्हा ती जवळपास दोन वर्षांची होती. पण कागदोपत्री तिला नवजात दाखवलं गेलं होतं. रक्ततपासणीनंतर डिसेंबर १९८४ मध्ये कोर्टाने तिला तिच्या आजीकडे सोपवलं.

मावशीचं रक्त चालतं, आत्याचं का नाही?

नंतर किंग यांनी मायटोकाँड्रियल डीएनएचा वापर सुरू केला. पेशीतला हा डीएनए फक्त आईकडून मुलांना मिळतो. मुलगा आणि मुलगी दोघांनाही मिळतो, पण पुढच्या पिढीला तो फक्त मुलगीच देते.

स्पॅनिशमध्ये मावशी आणि आत्या दोघींनाही 'तिआ' हा एकच शब्द आहे. मराठीत नाती वेगळी असल्यामुळे हे विज्ञान पटकन समजतं:

- आईची आई, मावशी आणि मामा: यांचा मायटोकाँड्रियल डीएनए मुलाशी जुळतो.
- वडिलांची आई, आत्या आणि काका: यांचा जुळत नाही, कारण तो वडिलांपर्यंत येऊन थांबतो.
- मुलगा असेल तर वडिलांचे वडील आणि सख्खे काका यांच्याशी त्याचं वाय गुणसूत्र जुळतं.

म्हणजे आजोळचं एक माणूस हाती असलं तरी शोधाला धागा मिळतो. आता यासोबत इतर गुणसूत्रांवरच्या अनेक खुणाही तपासतात, त्यामुळे दोन्हीकडच्या नातेवाइकांचा उपयोग होतो.

पण आज्यांचं वय वाढत होतं. त्या गेल्या तर पुरावाही जाणार. म्हणून १९८७ मध्ये अर्जेंटिनाने कायदा करून 'राष्ट्रीय जनुकीय माहिती बँक' उभारली. बेपत्ता मुलं शोधणाऱ्या कुटुंबांचे नमुने तिथे जपून ठेवलेले आहेत. आपल्या जन्माबद्दल शंका असलेली व्यक्ती संघटनेकडे किंवा 'कोनादी' या सरकारी आयोगाकडे जाते. आधी कागदपत्रं तपासली जातात, मग रक्त घेऊन बँकेतल्या सर्व कुटुंबांशी ताडून पाहिलं जातं. आजी हयात नसली तरी तिच्या जपलेल्या नमुन्यावरून नातू ओळखता येतो.

गुन्हेगारांचं काय झालं?

१९८६ आणि १९८७ मध्ये झालेल्या दोन कायद्यांमुळे लष्करी अधिकाऱ्यांवरचे बहुतेक खटले थांबले. पण मुलं चोरण्याचा गुन्हा या माफीतून वगळलेला होता, त्यामुळे ही एक वाट उघडी राहिली. जुलै २०१२ मध्ये बाळं पळवण्याची पद्धतशीर योजना राबवल्याबद्दल विदेलाला ५० वर्षांची शिक्षा झाली. मे २०१३ मध्ये तो तुरुंगातच मेला.

आज्यांच्या लढ्याचा परिणाम देशाबाहेरही झाला. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारातलं ८ वं कलम मुलाला स्वतःची ओळख जपण्याचा हक्क देतं. हे कलम अर्जेंटिनाच्या आग्रहाने आलं. १९९२ मध्ये भारतानेही हा करार स्वीकारला.

सापडल्यानंतर सगळं गोड होतं का?

नेहमीच नाही. या गोष्टीतला सगळ्यात अवघड भाग इथून सुरू होतो.

ज्या माणसाने बोट धरून शाळेत नेलं, तोच आपल्या आई-वडिलांच्या खुन्यांना सामील होता, हे एका दिवसात कळतं. निकाल आला की त्याच्यावर खटला उभा राहतो आणि मुलाचं स्वतःचं रक्त त्यातला पुरावा ठरतं. काहींनी वाढवणाऱ्यांशी नातं कायमचं तोडलं. काहींना ते जमलं नाही. काहींनी तपासणीलाच नकार दिला, कारण आपल्यामुळे 'आई' तुरुंगात जावी हे त्यांना नको होतं.

यावर मोठा वाद झाला. एका बाजूला मोठ्या झालेल्या व्यक्तीचा स्वतःच्या शरीरावरचा हक्क, दुसऱ्या बाजूला दशकानुदशकं वाट पाहणाऱ्या कुटुंबाचा सत्य कळण्याचा हक्क. २००९ मध्ये अर्जेंटिनाने कायदा केला. त्यानुसार न्यायाधीश डीएनए नमुना घेण्याचा आदेश देऊ शकतात, आणि व्यक्तीची तयारी नसेल तर टूथब्रश, कंगवा, कपडे अशा वस्तूंवरून तपासणी करता येते.

इग्नासिओचंच उदाहरण घ्या. लाउराने बाळाचं नाव गिदो ठेवलं होतं आणि आजी इतकी वर्षं गिदोला शोधत होती. त्याने मात्र सांगितलं की आपण इग्नासिओच राहणार. आडनाव त्याने वडिलांचं आणि आईचं घेतलं: मोंतोया कार्लोत्तो. रक्ताचं नातं प्रयोगशाळेत सिद्ध झालं, पण आजी-नातवाची ओळख दोघांना नव्याने करून घ्यावी लागली.

इतर स्पॅनिशभाषक देशांत काय झालं?

एल साल्वादोर: १९८० ते १९९२ च्या यादवी युद्धात लष्कराने गावांतून मुलं उचलली. त्यातली अनेक परदेशात दत्तक गेली. जेझुइट धर्मगुरू होन कोर्तिना यांनी १९९४ मध्ये 'प्रो-बुस्केदा' ही शोधसंस्था उभी केली.

चिली: पिनोचेतच्या राजवटीत आणि त्याच्या आसपासच्या काळात हजारो बाळं बेकायदा परदेशी दत्तक गेली. अनेक गरीब आयांना 'बाळ दगावलं' असं सांगून मृतदेहही दाखवला गेला नाही.

स्पेन: फ्रँकोच्या काळात आणि नंतरही काही वर्षं इस्पितळांतून बाळं चोरल्याच्या तक्रारी आहेत. इथलं एक प्रकरण वेगळंच धडा देतं. आपल्याला जन्मतःच चोरलं, असं सांगत एका महिलेने डॉक्टरवर खटला भरला. २०१८ मध्ये माद्रिदच्या कोर्टाने डॉक्टरने कृत्य केल्याचं मान्य केलं, पण मुदत संपल्याने त्याला सोडून दिलं. २०१९ मध्ये डीएनएच्या मदतीने तिला भावंडं सापडली. तेव्हा कळलं की आईने तिला स्वेच्छेने दत्तक दिलं होतं. डीएनए नातं सांगतो, पण ते का तुटलं हे माणसांनाच विचारावं लागतं.

आता किती जण उरले आहेत?

जुलै २०२५ मध्ये आज्यांच्या संघटनेने १४० वं प्रकरण सुटल्याचं जाहीर केलं. या आकड्यात मरण पावल्याचं नंतर कळलेली काही मुलंही आहेत. संघटनेच्या अंदाजाने अजून सुमारे ३०० जण सापडायचे आहेत. ते आता पंचेचाळिशी-पन्नाशीत आहेत आणि त्यांतल्या अनेकांना आपण कुणीतरी वेगळे असू शकतो याची कल्पनाही नसेल.

अडचणी वाढल्या आहेत. २०२४ मध्ये हावियेर मिलेई सरकारने कोनादीचं विशेष तपास पथक बंद केलं. बहुतेक आज्या आता हयात नाहीत. १९३० साली जन्मलेल्या एस्तेला नव्वदी ओलांडून गेल्या आहेत. संघटनेचं काम हळूहळू सापडलेली नातवंडंच हातात घेत आहेत. ती आता आपल्या बेपत्ता भावंडांना शोधतात.

सापडायच्या राहिलेल्यांची मुलंही आता मोठी झाली आहेत. त्यांच्यापैकी कुणी उद्या तपासणीला आलं, तर पणजीचं रक्त बँकेत जपून ठेवलेलं आहे.