क्षेत्रोपाध्यांची वही व आतिथ्याचा वारसा

आजच्या मराठीत ‘यजमान’ म्हणजे पाहुण्याचे स्वागत करणारा घरधनी. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या व्यवहारात मात्र उपाध्याच्या घरी उतरणारा यात्रेकरूच ‘यजमान’ ठरतो. ‘स्वतःसाठी यज्ञ करविणारा’ हा संस्कृतातील मूळ अर्थ तेथे टिकून राहिला. घरगुती आतिथ्य पुढील पिढीने का चालवावे, या प्रश्नाचे एक जुने उत्तर या अर्थभेदात दडलेले आहे.

यात्रेकरू आला की त्याचे नाव, गाव, जात व कुळ विचारले जाई. ज्या उपाध्याच्या वहीत त्याच्या पूर्वजांचा लेख सापडे, त्याचा तो यजमान. निवास, भोजन व धर्मकृत्ये यांची व्यवस्था मग त्याच उपाध्याकडे असे. निघण्यापूर्वी यात्रेकरू स्वतःच्या कुटुंबाची नावे वहीत नोंदवी. नाशिक जिल्ह्याच्या १८८३ च्या गॅझेटिअरातही या उपाध्यांची व त्यांच्या वह्यांची माहिती आढळते.

ही वही केवळ वंशावळ नव्हे, तर मालमत्ता होती. भावाभावांत वाटणी झाली म्हणजे शेताप्रमाणे यजमानांचीही वाटणी होई. इंग्रजी अमदानीतील न्यायालयांनीही अशा वृत्ती वारसाहक्काच्या मानल्या. त्यामुळे मुलाला उपदेशाची गरज भासत नसे. घरचा व्यवसाय सोडणे म्हणजे आपल्या वाट्याची गावे व कुळे सोडणे होय, हे तो वह्या चाळता चाळताच शिके. मात्र ज्या स्त्रियांच्या श्रमांवर हे आतिथ्य उभे होते, त्यांचे नाव या हक्कात क्वचितच येई.

१८६५ मध्ये थळ घाटातून आगगाडी सुरू झाली. प्रवास सुलभ झाला. पुढे धर्मशाळा व खानावळी वाढल्या आणि यात्रेकरूचा मुक्काम उपाध्याच्या घरावर अवलंबून राहिला नाही. वह्या व धर्मकृत्ये पुढील पिढ्यांकडे गेली. घरातील मुक्काम मात्र मागे पडला. खोली कोणीही देऊ शकतो. पणजोबाचे हस्ताक्षर दाखविणे इतरांस शक्य नव्हते. टिकले ते दुसरेच होय.

महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची ‘निवास व न्याहारी’ योजना आणि राज्याचे २०२० चे कृषी पर्यटन धोरण यांनी घराला व शेताला मान्यता दिली. वही मात्र शासन देऊ शकत नाही. जुनी जातिबद्ध वृत्ती पुन्हा उभी करणे इष्टही नाही. परंतु तिचा बोध स्पष्ट आहे. पाहुण्यांशी जडलेली ओळख आणि उत्पन्नातील निश्चित वाटा मुलामुलींच्या व सुनांच्या नावावर वेळीच चढला, तरच घर पुढे चालते. केवळ खोल्यांचा वारसा मिळालेली पिढी त्या खोल्या विकूही शकते.