नकार ऐकण्याचा धडा

पावसाळ्यातल्या एखाद्या रविवारी वलवणला जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला उभे राहून पाहा. लोणावळ्याकडे निघालेल्या तरुण जोडप्यांच्या दुचाकींची रीघ संपता संपत नाही. गावातली शाळकरी मुले हे सारे पाहत असतात. प्रेम म्हणजे काय, हे ती रस्त्यावरून, सिनेमातून आणि मोबाइलवरून शिकतात. वर्गात मात्र हा विषय निघाला, की पुष्कळ शिक्षक 'तो धडा घरी वाचा' म्हणून पुढचे पान उलटतात.

श्रोतेहो, हा संकोच आजचा नाही. र. धों. कर्वे यांनी १९२७ साली 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि संततिनियमन, गुप्तरोग, स्त्रीपुरुषसंबंध यांवर उघडपणे लिहिले. त्याबद्दल त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले, दंड झाला. १९३४ सालच्या खटल्यात त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. कर्व्यांनी पदराला खार लावून १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत मासिक चालवले. पण त्यांचा विषय शाळेच्या उंबरठ्याबाहेरच राहिला.

पुढे दोन घटनांनी दार ठोठावले. १९८६ साली मद्रासमध्ये, आजच्या चेन्नईत, एचआयव्हीची लागण देशात प्रथमच आढळली. मार्च १९९० मध्ये उल्हासनगरला दहावीची परीक्षा देत असलेल्या एका मुलीला एका तरुणाने परीक्षा केंद्रात घुसून जाळून मारले. त्याला 'एकतर्फी प्रेम' असे नाव मिळाले. खरे तर नकार ऐकून घ्यायला न शिकलेल्या मुलाने केलेला तो खून होता.

या दोन गोष्टी वेगळ्या वाटतात, पण त्यांचे मूळ एकच आहे. जिला 'नाही' म्हणण्याची भीती वाटते, ती निरोधचा आग्रह कशी धरणार? आणि ज्याला 'नाही' हा अपमान वाटतो, त्याच्यापुढे रोगाची नुसती माहिती काय कामाची?

२००५ साली केंद्रीय मनुष्यबळ विकास मंत्रालय आणि राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना यांनी शाळांसाठी किशोरावस्था शिक्षण कार्यक्रम आणला. २००७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळात त्यातील चित्रांवरून गदारोळ झाला आणि सरकारने लैंगिक शिक्षणाला मनाई केली. गुजरात, मध्य प्रदेश, कर्नाटक या राज्यांतही तसाच विरोध झाला. चित्रांवर चर्चा झाली. मुलांच्या भीतीवर, प्रश्नांवर फारशी झालीच नाही.

तरीही वाट पूर्ण बंद झाली नाही. २००८ पासून मुंबईच्या ४५ महापालिका शाळांत, 'कोरो' ही संस्था, टाटा समाजविज्ञान संस्था आणि स्त्रियांविषयी संशोधन करणारे एक आंतरराष्ट्रीय केंद्र यांनी मिळून एक उपक्रम चालवला. सहावी-सातवीच्या मुलामुलींना खेळ, नाटुकली आणि गटचर्चा यांतून प्रश्न विचारले गेले. घरकाम कोणाचे? मारणे म्हणजे मर्दपणा का? छेड काढली तर बघ्यांनी काय करावे? जिथे अशा तासिका झाल्या, तिथे मुलांचे विचार समतेकडे अधिक झुकले. वागण्यातला बदल मात्र तितका सरळ दिसला नाही. विचार बदलायला काही महिने पुरतात, सवय जायला वर्षे लागतात.

दक्षिण आफ्रिकेचा अनुभवही हेच सांगतो. तिथल्या ईस्टर्न केप प्रांतात तरुणतरुणींचे गट बसवून रोग, नाते आणि हिंसा यांवर एकत्र बोलणे घडवले गेले. निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले. एचआयव्हीची लागण ठळकपणे घटल्याचे सिद्ध झाले नाही. पण जननेंद्रियांच्या हर्पिस या लैंगिक रोगाचे नवे रुग्ण सुमारे एक-तृतीयांशाने कमी आढळले आणि जोडीदाराला मारहाण केल्याचे सांगणारे पुरुषही कमी झाले.

म्हणजे यात जादू नाही, पण फळ आहे. कर्व्यांना दंड झाला, तेव्हा त्याची किंमत एका माणसाने मोजली. आज आपण गप्प बसलो, तर ती किंमत चौदा-पंधरा वर्षांची मुले मोजतील. त्यातही मुली अधिक.

वलवणच्या रस्त्यावरची रीघ कोणी थांबवू शकणार नाही, थांबवूही नये. पण रस्त्यापलीकडच्या वर्गात 'नाही' म्हणायला आणि ते मुकाट्याने ऐकून घ्यायला शिकवता येईल. आज संध्याकाळी मुलाने काही विचारले, तर निदान 'गप्प बस' म्हणू नका. एवढी सुरुवात आपल्या हातात आहे.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)