लातूरहून पुण्याला बिऱ्हाड हलवताय? गाडी ठरवण्याआधी हा हिशेब कागदावर मांडा

मे महिना आला की लातूर, औसा, निलंगा, रेणापूर भागातून पुण्याकडे बिऱ्हाडं हलायला सुरुवात होते. कोणाला चाकणच्या कंपनीत काम लागलेलं असतं, कोणाला वाघोलीकडे सिक्युरिटीचं, तर कोणाला लेकरांच्या शिक्षणासाठी जायचं असतं. घरात पहिला प्रश्न एकच निघतो, "टेम्पो किती घेईल?" खरं तर एकूण खर्चात टेम्पोचा वाटा लहान असतो. माणूस अडकतो तो डिपॉझिट आणि पहिला पगार हातात येईपर्यंतचे दिवस यांत. तिथंच मग दागिना गहाण पडतो किंवा सावकाराची पायरी चढावी लागते. हे टाळायचं तर निघण्याच्या दीड-दोन महिने आधी नियोजन करा.

एकूण किती पैसे लागतील?

खालचा हिशेब नमुना म्हणून दिला आहे. नवरा-बायको, दोन मुलं आणि पुण्याच्या कडेला महिना ९,००० रुपये भाड्याचं वन रूम किचन असं धरलंय. तुमचे आकडे घालून तो परत मांडा.

- डिपॉझिट (तीन महिन्यांचे भाडे) : २७,०००
- पहिल्या महिन्याचे भाडे : ९,०००
- एजंटची दलाली (एक महिन्याचे भाडे) : ९,०००
- भाडेकरार, एजंटच्या फीसह : २,५००
- पिकअपचे भाडे : १४,०००
- दोन्हीकडची हमाली : ३,०००
- चौघांचा प्रवास आणि रिक्षा : २,०००
- गॅस, बादल्या, बल्ब, पडदे असा किरकोळ खर्च : ३,०००
- दोन महिन्यांचा किराणा, दूध, बसभाडे : २०,०००
- दुसऱ्या महिन्याचे भाडे : ९,०००
- शाळा, वह्या-पुस्तकं, गणवेश : ६,०००
- अडीनडीला राखीव : १०,०००

बेरीज होते १,१४,५०० रुपये. यात गाडी आणि हमाली मिळून १७,०००, म्हणजे साधारण सातवा हिस्सा. गाडीवाल्याशी घासाघीस करून हजार-दीड हजार वाचतील. पण स्वतः फिरून, ओळखीनं खोली मिळवली तर एका झटक्यात ९,००० वाचतात.

दोन महिन्यांचा खर्च का धरायचा? समजा १० जूनला कामावर लागलात. पहिला पगार साधारण जुलैच्या ७ ते १० तारखेला होणार, आणि तोही जूनच्या २१ दिवसांचाच. पूर्ण महिन्याचा पगार पाहायला ऑगस्ट उजाडतो. तोवर घरभाडं आणि किराणा थांबत नाही.

एवढे पैसे नसतील तर

एकदम सगळं कुटुंब नेऊ नका. कमावणाऱ्यानं आधी जावं, गावाकडच्या पोरांसोबत कॉट बेसिसवर राहावं, काम टिकतंय का ते बघावं. सुट्टीच्या दिवशी खोल्या बघाव्यात. पहिला पगार झाल्यावर घरच्यांना न्यावं. वरच्या हिशेबातलं दुसऱ्या महिन्याचं भाडं आणि एका महिन्याचा किराणा-खर्च मिळून १९,००० रुपये मग पगारातून निघतात. दलाली वाचली तर २८,००० चा भार हलका होतो. त्यातून कॉटचं भाडं आणि मेसचा खर्च वजा धरा.

शाळेत जाणारी मुलं असतील तर शाळा १५ जूनच्या सुमारास सुरू होतात हे लक्षात ठेवा. कमावणारा एप्रिलमध्ये गेला तर हे गणित नीट जुळतं.

खोली ठरवताना काय विचारायचं

भाडं किती, एवढंच विचारून हो म्हणू नका. पुढचे प्रश्न मालकाला तोंडावर विचारा.

- पाणी महापालिकेचं की टँकरचं? टँकरचे पैसे भाड्यात आहेत की वेगळे?
- लाइटचं मीटर स्वतंत्र आहे का? सब-मीटर असेल तर युनिटला किती घेणार?
- मेंटेनन्स कोण भरणार?
- डिपॉझिट किती दिवसांत परत आणि रंगरंगोटीचे किती कापणार?
- कामाच्या ठिकाणी जायला रोजचे किती लागतात? भाडं हजारानं कमी आणि पेट्रोल दीड हजारानं जास्त, असं नको.

करार नोंदणीकृतच करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणी केलेला असावा लागतो आणि नोंदणीची जबाबदारी मालकाची आहे. ११ महिन्यांच्या लिव्ह अँड लायसन्स करारावर मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के लागतं. वरच्या उदाहरणात ते तीनशे रुपयांच्या आसपास बसतं. नोंदणी फी महापालिका हद्दीत १,००० आणि ग्रामीण भागात ५०० रुपये आहे. बाकीची रक्कम एजंटच्या कामाची असते, म्हणून ती आधी ठरवून घ्या. हाच करार पुढे आधारचा पत्ता बदलायला आणि बँकेत कामी येतो.

गाडी कोणती आणि भाडं किती?

लातूर ते पुणे अंतर मुरूड, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, टेंभुर्णी, इंदापूर मार्गे साधारण ३३० ते ३४० किलोमीटर आहे. एका खोलीचं मोजकं सामान छोट्या हत्तीत बसतं. कपाट, फ्रिज, वॉशिंग मशीन, पलंग असेल तर पिकअप लागते. दोन-तीन खोल्यांचा पसारा असेल तरच आयशर बघा.

भाडं वाजवी आहे का, ते डिझेलवरून ओळखा. पिकअप लिटरला १२ किलोमीटर देते असं धरलं आणि जाऊन-येऊन ६६० किलोमीटर झाले, तर ५५ लिटर डिझेल लागतं. ९० रुपयांच्या भावानं हे झाले ४,९५०. त्यावर सरडेवाडी, पाटसचे टोल, ड्रायव्हरचा भत्ता आणि मालकाची कमाई. त्यामुळं कोणी "सहा हजारांत नेतो" म्हणाला तर दोनच शक्यता असतात. एक तर ती रिटर्न गाडी आहे, किंवा सामान भरल्यावर तो पैसे वाढवून मागणार आहे.

रिटर्न गाडी म्हणजे पुण्याहून माल घेऊन लातूरला आलेली आणि रिकामी परतणारी गाडी. ट्रान्सपोर्टवाल्यांकडे दोन-चार दिवस आधी चौकशी केली तर अशी गाडी बऱ्याच कमी भाड्यात मिळते. मात्र तारीख आपल्या सोयीची मिळत नाही, ती गाडीच्या सोयीनं धरावी लागते.

गाडी ठरवताना या गोष्टी कागदावर किंवा व्हॉट्सअॅपवर लिहून घ्या : एकूण भाडं, टोल त्यात आहे की नाही, हमाली कोणाची, कितव्या मजल्यावर सामान चढवायचं, किती तास थांबणार. लिफ्ट नसेल तर हमाल मजल्याप्रमाणे पैसे मागतात. गाडीचा नंबर आणि ड्रायव्हरच्या लायसन्सचा फोटो काढून ठेवा. सगळे पैसे आधी देऊ नका. थोडी रक्कम आगाऊ द्या आणि मोठा भाग सामान उतरल्यावरच द्या.

आपल्या वापरातल्या घरगुती सामानाला ई-वे बिल लागत नाही. तरी सामानाची यादी आणि आधारची प्रत ड्रायव्हरजवळ द्या. सामानावर मागे माणसं बसवू नका. ते नियमात बसत नाही आणि अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात.

प्रवासाला एसटी परवडते. महिलांना अर्धं तिकीट आहे, ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना अर्धं आणि ७५ च्या पुढं मोफत. रेल्वेनं जात असाल तर स्लीपरच्या प्रत्येक तिकिटावर ४० किलोपर्यंत सामान मोफत नेता येतं. मोटारसायकल रेल्वेच्या पार्सलनं पाठवायची तर आरसी आणि ओळखपत्राची प्रत लागते, आणि टाकी पूर्ण रिकामी करावी लागते.

काय न्यायचं, काय ठेवायचं

जुना लाकडी पलंग आणि जड कपाट नेण्याचा मोह आवरा. छोट्या खोलीत ते मावत नाही आणि त्याच्यापायी गाडी एका नंबरानं मोठी लागते. धान्य मात्र जरूर न्या. घरची ज्वारी, तूरडाळ, शेंगदाणे, तिखट दोन-तीन महिन्यांचं नेलं तर किराण्याचा मोठा भार कमी होतो. वर्षाचं एकदम नेऊ नका. ठेवायला जागा नसते आणि पावसाळ्यात किडे होतात. पुढचं धान्य गावाकडून येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर मागवता येतं.

दागिने, रोख रक्कम, कागदपत्रं, औषधं आणि मोबाइलचे चार्जर गाडीत टाकायचे नाहीत. ते अंगासोबतच असू द्या.

कागदपत्रं : निघण्याआधीची कामं

- शाळेचा दाखला : शाळा सोडल्याचा दाखला आणि प्रगतिपुस्तक घ्या. दाखला मिळायला उशीर झाला म्हणून पहिली ते आठवीचा प्रवेश शाळेला नाकारता येत नाही, हे शिक्षण हक्क कायदा, २००९ मध्ये स्पष्ट लिहिलंय.
- गॅस : भरलेली टाकी टेम्पोत टाकू नका. एजन्सीत सिलिंडर आणि रेग्युलेटर जमा करा, भरलेली अनामत परत घ्या आणि टर्मिनेशन व्हाउचर मागून घ्या. ते दाखवून पुण्यात त्याच कंपनीच्या एजन्सीत जोडणी मिळते. तिथं चालू दरानं अनामत भरावी लागते.
- रेशन : कार्ड रद्द करू नका. एक देश एक रेशन कार्ड योजनेत पुण्यातल्या दुकानातही अंगठा लावून धान्य मिळतं. त्यासाठी घरातल्या सगळ्यांचं आधार कार्डाला जोडलेलं आहे का, ते निघण्याआधीच दुकानदाराकडून बघून घ्या.
- बँक खातं : ज्या खात्यात सरकारी योजनेचे पैसे येतात ते चालू ठेवा. आधारला जोडलेला मोबाइल नंबरही बदलू नका, नाहीतर प्रत्येक ओटीपीसाठी अडाल.
- लसीकरण : लहान मुलाचं किंवा गरोदर बाईचं माता-बाल कार्ड सोबत घ्या. सरकारी दवाखान्यात पुढची लस मोफत मिळते.
- गाडी : कायमचे राहायला गेलात तर आरसीवरचा पत्ता ३० दिवसांत बदलायचा असतो. राज्य तेच असल्यामुळं नंबर बदलत नाही.
- मतदान : नाव पुण्यात न्यायचं असेल तर फॉर्म नंबर ८ भरा. त्याला फी नाही.

फसवणूक अशी होते

ऑनलाइन खोलीचा छान फोटो दिसतो, भाडं कमी असतं. फोनवरचा माणूस "मी मिलिटरीत आहे, बदली झालीय, टोकन पाठवा" म्हणतो. खोली डोळ्यानं पाहिल्याशिवाय आणि मालकाचं लाइट बिल बघितल्याशिवाय एक रुपयाही पाठवू नका. पैसे *मिळण्यासाठी* क्यूआर कोड स्कॅन करायचा नसतो आणि पिनही टाकायचा नसतो, हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा.

दुसरा प्रकार पॅकर्स अँड मूव्हर्सच्या नावानं चालतो. सामान भरलं की वाटेत फोन येतो, "एवढे द्या, नाहीतर गाडी पुढं जाणार नाही." म्हणून कंपनीचा पत्ता प्रत्यक्ष बघा आणि बिल्टी घ्या. पैसे ऑनलाइन गेले तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल तितकी रक्कम थांबण्याची शक्यता जास्त. सेवेबद्दल तक्रार असेल तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे.

शेवटचा आठवडा

चार दिवस आधी गाडीवाल्याला परत फोन करून वेळ पक्की करा. सोसायटीत सामान चढवायची वेळ ठरलेली असते, ती मालकाला विचारा. गाडी संध्याकाळी लातुरातून निघाली तर पहाटे पुण्यात पोचते आणि दिवसाच्या ट्रॅफिकमधून सुटका होते. नव्या खोलीत शिरल्याबरोबर भिंती, नळ, मीटरचं रीडिंग यांचे फोटो काढून मालकाला पाठवा. डिपॉझिट परत घेताना हेच फोटो उपयोगी पडतात.

आणि राखीवचे १०,००० रुपये वेगळ्या खात्यात ठेवा. काम सुटलं, कोणी आजारी पडलं किंवा गावाकडून तातडीचा निरोप आला, तर तेच उपयोगी पडतील.